हरवलेलं टपाल शोधणं आणि लेटरबॉक्स नव्याने बसवणं : प्रकल्प नोंदी, कोपरखैरणे

कामाची व्याप्ती: तीन विंग, ७२ फ्लॅट, स्टिल्टखाली (खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावर) लेटरबॉक्स, एक गेट. तक्रार सगळ्यांची एकच: "टपाल येतच नाही." पहिल्याच बैठकीत नियम ठरला. कुठल्याही पाकिटाबद्दल तक्रार लिहिण्याआधी ते शेवटचं कोणाच्या हातात होतं, हे शोधायचं. पुढच्या नोंदींत त्याला 'शेवटचा हात' म्हटलं आहे.

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

जुन्या पेट्या रिकाम्या केल्या. कुलूप चालू असलेल्या पेट्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांची दारं वाकवलेली किंवा नुसती लोटलेली. गाळा सहा इंच बाय नऊ, खोली चार इंच. त्यात मोठं पाकीट मावत नाही, म्हणून ते पेटीच्या डोक्यावर ठेवलं जातं. तिथून पडतं आणि केरात जातं, नाहीतर मीटरच्या जाळीमागे सरकतं. आज पेट्यांबाहेर टपाल सापडलं ते इथे: मीटरबोर्डामागची फट, अग्निशमन होजची पेटी, वॉचमन केबिनचा खण.

सगळं एका क्रेटमध्ये घेतलं. बंद पाकीट कुणीही फोडायचं नाही, बाहेरून वाचता येईल तेवढंच वाचायचं. प्रत्येकाचा पुढून आणि मागून फोटो. मागचा फोटो महत्त्वाचा, कारण टपाल कार्यालयाचा तारखेचा शिक्का बऱ्याचदा मागे असतो आणि साध्या पत्राच्या प्रवासाचा तेवढाच पुरावा हाती राहतो.

२ नोव्हेंबर, रविवार

सोसायटी ऑफिसच्या फरशीवर वर्गवारी केली. चार ढीग: इथे राहणाऱ्यांचं, पूर्वीच्या भाडेकरूंचं किंवा घर विकून गेलेल्यांचं, आपलं नसलेलं, पत्ता वाचता न येणारं.

तिसऱ्या ढिगातली जवळजवळ सगळी पाकिटं एकाच कारणाने इथे आली. नवी मुंबईत सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरुळसारख्या प्रत्येक उपनगरात, पुन्हा एकपासून सुरू होतात. सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळला आहे, सानपाड्यात आहे, ऐरोलीत आहे, खारघरला आहे आणि कोपरखैरण्यातही आहे. पाकिटावर नुसतं 'सेक्टर १०, नवी मुंबई' असलं आणि पिन चुकला की ते कुठल्याही सेक्टर १० मध्ये जाऊ शकतं. शिवाय वाशीत ९ आणि ९ए हे दोन वेगळे सेक्टर आहेत. हाताने लिहिलेला 'ए' पुसट झाला की पाकीट शेजारच्या सेक्टरात गेलंच.

दुसऱ्या ढिगासाठी ठरलं ते असं: पत्त्यावर एक आडवी रेघ मारायची, पण नाव आणि पिन वाचता आले पाहिजेत. बाजूला 'या पत्त्यावर राहत नाहीत' आणि तारीख लिहायची. मग पोस्टमनच्या हातात द्यायचं. फाडायचं नाही, पेटीच्या डोक्यावर ठेवायचं नाही आणि "कधीतरी येतील घ्यायला" म्हणून खणातही टाकायचं नाही. त्या खणातून काल जी पाकिटं निघाली, त्यांतली काही वर्षापूर्वीची आहेत. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने ती हरवलेली होती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बटवडा करणाऱ्या टपाल कार्यालयात जाऊन आमच्या बीटची (पोस्टमनच्या वाटपाच्या ठरलेल्या भागाची) माहिती घेतली. बीट दुपारी वाटली जाते. स्टिल्टच्या जाळीला आपण स्वतः १ ते ४ कुलूप लावतो. म्हणजे 'डोअर लॉक्ड' हा शेरा खोटा नव्हता, दार खरंच बंद होतं. आजपासून १ ते ४ जाळी उघडी आणि वॉचमनची खुर्ची जाळीपाशी. या एका गोष्टीला खर्च शून्य आला.

ट्रॅकिंगवरचे शेरे कसे वाचायचे, हे प्रत्येक घरी कळलं पाहिजे. 'बॅग्ड' आणि 'डिस्पॅच्ड' म्हणजे पाकीट थैलीत आहे, शेवटचा हात टपाल खात्याचा. इथे तीन-चार दिवस हालचाल नसेल तर थैली चुकीच्या गावी गेली असण्याची शक्यता मोठी. असं टपाल बहुधा उशिरा का होईना, पोहोचतं. 'आउट फॉर डिलिव्हरी' म्हणजे पोस्टमनकडे. त्याच संध्याकाळी पुढचा शेरा आला पाहिजे. 'डोअर लॉक्ड' किंवा 'इंटिमेशन' असेल तर पाकीट टपाल कार्यालयात थांबलं आहे. ते सात दिवस थांबतं, मग परत जातं. सूचनेची चिठ्ठी मिळाली नाही तरी नंबर आणि ओळखपत्र घेऊन खिडकीवर गेलं की मिळतं. 'इनसफिशियंट ॲड्रेस' म्हणजे दोष पत्त्याचा, 'लेफ्ट' म्हणजे माणूस गेलेला, 'रिफ्यूज्ड' म्हणजे घेतलं नाही.

'रिफ्यूज्ड' आणि 'अनक्लेम्ड' (मुदतीत कुणी घ्यायला आलं नाही) हलक्यात घेऊ नयेत. चेक न वटल्याची नोटीस योग्य पत्त्यावर रजिस्टरने गेली आणि घेतली नाही, तर ती पोहोचली असं कोर्ट गृहीत धरू शकतं. जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ तेच सांगतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या निकालात ते चेकच्या नोटिशीला लागू केलं. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. पाकीट खिडकीवर पडून राहिलं म्हणून ते १५ दिवस थांबतील, या भरवशावर राहू नये.

पार्सल बऱ्याच वेळा पत्रांच्या टपाल कार्यालयातून न वाटता वेगळ्या केंद्रातून वाटलं जातं. ट्रॅकिंगमध्ये शेवटच्या ओळीला कुठल्या कार्यालयाचं नाव आहे ते बघूनच निघावं, नाहीतर रिक्षाचे पैसे वाया.

९ नोव्हेंबर, रविवार: पत्ते

दिवसभर हेच काम.

परत जाण्याच्या वाटेवरून सोडवून आणलेलं एक खिडकीचं पाकीट (पारदर्शक चौकोनातून आतला पत्ता दिसतो ते) टेबलावर ठेवलं होतं, बँकेकडून आलेलं. पहिल्या ओळीत नाव. दुसऱ्या ओळीत फ्लॅट, विंग आणि सोसायटीचं लांबलचक नाव, शेवटी 'प्लॉ' आणि ओळ संपली. प्लॉट नंबर आणि सेक्टर छापलेलेच नाहीत. तिसरी ओळ थेट 'नवी मुंबई'. कोपऱ्यात लाल बॉलपेनने 'अपूर्ण पत्ता', खाली सही. पोस्टमनने बरोबर लिहिलं होतं.

बँका, विमा कंपन्या, वीजबिल यांच्या संगणकात पत्त्याच्या प्रत्येक ओळीला ठरावीक अक्षरं असतात. जास्तीची कापली जातात आणि कापताना ती काय आहेत हे यंत्र बघत नाही. इंग्रजीत 'को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी लिमिटेड' याची 'लि.' धरून मोकळ्या जागांसकट ३२ अक्षरं होतात. 'सीएचएस' लिहिलं की तीन. हा एक बदल केला की प्लॉट आणि सेक्टर वाचतात. म्हणून खात्यात पत्ता बदलताना महत्त्वाचं आधी, शोभेचं नंतर. सगळ्यांना वाटलेला नमुना:

पहिली ओळ: नाव, भाडेकरू असेल तर द्वारा घरमालकाचं आडनाव
दुसरी: फ्लॅट, विंग, प्लॉट नंबर
तिसरी: सोसायटीचं छोटं नाव, सीएचएस
चौथी: सेक्टर आणि नोड एकाच ओळीत, 'सेक्टर १० कोपरखैरणे'
पाचवी: नवी मुंबई आणि पिन
शेवटी मोबाइल

सेक्टर आणि नोड वेगळ्या ओळींवर गेले की त्यांतली एक ओळ कापली जाण्याची भीती असते. 'कोपरखैरणे' हे नाव इंग्रजीत किमान चार तऱ्हांनी लिहिलं जातं. एकच तऱ्हा ठरवून सगळ्या खात्यांत तीच ठेवावी.

पिनबद्दल. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच, संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. गावांची नावं सारखी असतात, भाषा आणि लिप्या वेगळ्या असतात, म्हणून आकडा. आज आपल्याकडे सेक्टरचे आकडेच सारखे आहेत, तेव्हा सगळा भार पिनवर येतो. पहिले तीन आकडे वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय. कोपरखैरणे ४००७०९, वाशी ४००७०३, सानपाडा ४००७०५, नेरुळ ४००७०६, ऐरोली ४००७०८, घणसोली ४००७०१. इथवर सगळं ४००७ मध्ये. पण बेलापूर ४००६१४ आणि खारघर ४१०२१०. नवी मुंबई म्हटलं की ४००७ हात आपोआप लिहितो आणि बेलापूर, खारघरची पाकिटं तिथेच चुकतात. नातेवाईक खारघरला असतील तर 'चारशे दहा दोनशे दहा' असं तोंडपाठ करून घ्यावं.

गावठाणातल्या घरांना प्लॉट आणि सेक्टर नसतात. तिथे महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावरचा घर क्रमांक, गावाचं नाव, आळी आणि ठळक खूण लिहावी. खूण अशी हवी की ती दहा वर्षं हलणार नाही. देऊळ चालतं, शाळा चालते. मोबाइलचं दुकान चालत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाडेकरूंची यादी लीव्ह अँड लायसन्सच्या नोंदींवरून ताजी केली. पेटीवर फ्लॅट नंबर आणि फक्त आडनावं. पूर्ण नावं, मोबाइल लिहायचे नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले 'पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल थांबले आहे, लिंकवर जाऊन ५ रुपये भरा' असे मेसेज एकत्र केले. टपाल खातं असे पैसे लिंकवरून मागत नाही. लिंक दाबायची नाही. कार्डाचा नंबर दिला गेला असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन आणि बँकेत कार्ड बंद.

खरा ट्रॅकिंग नंबर कसा असतो हे कळलं तर निम्मा गोंधळ मिटतो. तेरा चिन्हं: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी 'आयएन'. स्पीड पोस्टची सुरुवात 'ई' ने. नऊपैकी शेवटचा आकडा तपासणीचा असतो. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागून बाकी काढायची, ती ११ मधून वजा करायची. उदाहरणाला १२३४५६७८ घेऊ: ८+१२+१२+८+१५+३०+६३+५६ म्हणजे २०४. बाकी ६. अकरातून सहा गेले, पाच. म्हणजे पूर्ण नंबर ईएम १२३४५६७८५ आयएन. वजाबाकी १० आली तर ० धरतात, ११ आली तर ५.

याचा उपयोग रोजचा आहे. फोनवर सांगितलेला नंबर उतरवताना दोन आकडे मागेपुढे झाले की ट्रॅकिंग 'नोंद नाही' दाखवतं आणि माणूस समजतो की टपाल हरवलं. आधी हा हिशोब करून बघावा. जमला नाही तर पाठवणाऱ्याकडून पावतीचा फोटो मागवावा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कोणतं टपाल न मिळाल्यास काय करायचं, याचा कागद तयार केला. मुद्दा असा की पाकीट शोधणं आणि आतल्या वस्तूचा गैरवापर थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं आधी.

डेबिट किंवा क्रेडिट कार्ड: बँकेला फोन, कार्ड ब्लॉक, तक्रार क्रमांक लिहून ठेवणं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना ग्राहकाची ना बँकेची अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित येतो. म्हणून पोस्टमनला विचारून मग बँकेला कळवू, हा क्रम उलटा आहे.

चेकबुक: पहिल्या ते शेवटच्या चेक क्रमांकापर्यंत सगळ्यांचं पेमेंट थांबवायचं. क्रमांक बँकेकडे असतात.

आधार: पहिलं आधारपत्र साध्या टपालाने येतं, त्याचा माग काढता येत नाही. तो शोधत बसू नये. ई-आधार उतरवून घ्यावं, तेही तितकंच चालतं. पीव्हीसी कार्ड स्पीड पोस्टने येतं, त्याला नंबर मिळतो.

पासपोर्ट: ज्याचा आहे त्याच्याच हातात, ओळखपत्र बघून देतात. घरी माणूस नसेल तर शेजाऱ्याकडे ठेवून जा म्हणण्याचा उपयोग नाही. परत गेला तर पासपोर्ट कार्यालयात जातो. वाहन परवाना तसाच आरटीओकडे जातो. दोन्हींत टपाल कार्यालयात हेलपाटे घालण्याआधी ट्रॅकिंगवर 'परत' आलं आहे का ते बघावं.

२३ नोव्हेंबर, रविवार: चोरी

चोरी म्हणायला दोन गोष्टी हव्यात: टपाल पेटीत पडल्याचा पुरावा आणि ते दुसऱ्या कुणीतरी काढल्याचा पुरावा. दोन्ही कॅमेऱ्यातून मिळतात, म्हणून कॅमेऱ्याचा हिशोब केला. आठ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस. एका कॅमेऱ्याला दिवसाला साधारण २१.६ जीबी, आठांना १७३ जीबी. डिस्क २ टीबी. म्हणजे साडेअकरा दिवसांनी जुनं पुसलं जातं. रहिवाशाला टपाल गायब झाल्याचं कळेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, तोवर चित्रण राहिलेलं नसतं.

उपाय: ४ टीबीची डिस्क घातली, म्हणजे तेवीस दिवस. आणि तक्रार आली की त्याच दिवशी त्या तारखेचा तुकडा पेनड्राइव्हवर काढायचा, चौकशी नंतर. पेट्यांकडे बघणारा कॅमेरा छताजवळ होता, त्यात फक्त डोकी दिसायची. तो साडेपाच फुटांवर, पेट्यांच्या बाजूच्या खांबावर आणला. आता हात आणि चेहरा दोन्ही येतात.

पोलिसांकडच्या अर्जात जुनी कलमं लिहू नयेत. १८९८ चा टपाल कायदा गेला. २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून लागू आहे आणि त्यात टपालचोरीसाठी वेगळं कलम नाही. चोरी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये येते. ऐवज ५,००० रुपयांखालचा असेल तर प्रकरण अदखलपात्र (कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असं) धरलं जाऊ शकतं, म्हणून अर्जात पाकिटाची नव्हे तर आतल्या वस्तूची किंमत आणि तिच्या गैरवापराने होऊ शकणारं नुकसान स्पष्ट लिहावं. अदखलपात्र नोंद झाली तरी तिची प्रत घ्यावी. बँकेत आणि आरटीओत ती लागते. 'हरवलं' असा ऑनलाइन दाखला चोरीसाठी वापरू नये, तो हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. चोरी झाल्याची शंका असताना 'हरवलं' लिहून दिलं की पुढे तपास मागता येत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार: नव्या पेट्यांचं माप

फॅब्रिकेटरला द्यायचं रेखाटन पक्कं केलं. सगळी मापं एका गोष्टीवरून निघाली: ए-४ कागद न दुमडता जातो ते पाकीट २२९ बाय ३२४ मिमी असतं. ते आडवं सरळ आत गेलं पाहिजे.

एक गाळा: आतून रुंदी २६०, उंची ११०, खोली ३४० मिमी. फट २४० बाय २८ मिमी. फट याहून उंच केली की हात जातो. फटीच्या मागे ४० मिमीची पट्टी ४५ अंशांत आत आणि खाली वाकवलेली, म्हणजे पाकीट सरकून पडतं पण बोटांनी किंवा चिमट्याने ओढून काढता येत नाही. एका विंगला २४ गाळे: चार आडवे, सहा उभे. एकूण रुंदी सुमारे १,०५० आणि उंची ६८० मिमी. तळ जमिनीपासून ७०० मिमीवर, म्हणजे वरची रांग १,३८० वर येते. पोस्टमनला वाकावं लागत नाही, ज्येष्ठांना टाचा उंचवाव्या लागत नाहीत.

पत्रा: दारांना १८ गेज, अंगाला २० गेज (गेजचा आकडा मोठा, तितका पत्रा पातळ), पावडर कोटिंग. दार २० गेजचं केलं की स्क्रूड्रायव्हरने वाकतं, जुन्या पेट्यांचं नेमकं तेच झालं होतं. सगळी भोकं कोटिंगच्या आधी पाडायची. नंतर पाडलेल्या भोकाच्या कडेला रंग नसतो आणि खाडीच्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. स्टेनलेस स्टीलचा विचार झाला, खर्चात बसला नाही.

डोक्यावरचं पत्र्याचं छप्पर पुढे उतरतं. हे शोभेसाठी नाही. सपाट डोकं असलं की लोक तिथेच टपाल ठेवतात आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं.

१० डिसेंबर, बुधवार: कुलपं

कॅम लॉक (किल्ली फिरवली की मागची पट्टी फिरून बंद होणारी कुलपं) आली, ७२. खोक्यावर 'प्रत्येक किल्ली वेगळी' असं छापलेलं होतं. त्यावर विसंबलो नाही. स्वस्त कॅम लॉकमध्ये किल्लीच्या दात्यांच्या तऱ्हाच मोजक्या असतात, त्यामुळे एका खोक्यात जुळ्या निघतात.

एका विंगची २४ कुलपं टेबलावर रांगेत लावली आणि प्रत्येक किल्ली बाकीच्या २३ मध्ये घालून बघितली. २४ गुणिले २३, म्हणजे ५५२ वेळा. तिघांना दीड तास लागला. किल्ली नुसती आत जाते हे पुरेसं नाही, हलका दाब देऊन फिरते का ते बघायचं. ए विंगमध्ये दोन जोड्या निघाल्या, सी मध्ये एक. बदलून घेतल्या. शेजाऱ्याची किल्ली आपल्या पेटीला लागते हे वर्षभराने कळण्यापेक्षा हा दीड तास बरा.

सोसायटीकडे मास्टर किल्ली ठेवायची नाही, असं ठरलं. मास्टर किल्ली असली की कुठल्याही हरवलेल्या पाकिटात शेवटचा हात ऑफिसचा असू शकतो, आणि ते कुणालाच नको.

१४ डिसेंबर, रविवार

ए आणि बी विंग बसल्या. एम-८ चे ७५ मिमी लांबीचे अँकर फास्टनर, प्रत्येक चौकटीला सहा. भिंत आणि चौकट यांत १० मिमीचे स्पेसर, कारण स्टिल्टच्या भिंतीला पावसात ओल येते आणि चिकटवून बसवलेली पाठ आतून कुजते.

चूक: बी विंगच्या वरच्या दोन अँकरची भोकं पोकळ विटेत गेली, बोल्ट आवळताना फिरतच राहिले. फिरणारा बोल्ट आणखी आवळायचा नाही. काढून भोक साफ केलं, केमिकल अँकर भरला, रात्रभर सुकू दिला. सी विंगच्या भिंतीवर आधी हातोडीने ठोकून आवाज ऐकला आणि मगच भोकं मारली.

२१ डिसेंबर, रविवार: गेटवरची वही

वॉचमनकडे रजिस्टर किंवा स्पीड पोस्ट ठेवायचं नाही, ही सूचना लेखी दिली. कारण सगळ्यांना समजावून सांगितलं. स्पीड पोस्ट त्या पत्त्यावरच्या कुणाकडेही देता येतं. वॉचमनने सही केली की टपाल खात्याच्या दृष्टीने बटवडा झाला. त्यानंतर ते हरवलं तर तक्रारीला जागाच नाही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. आता फक्त त्याच माणसाच्या हातात द्यायचं असेल तर पाठवणाऱ्याने स्पीड पोस्ट करताना 'रजिस्ट्रेशन' वेगळं मागावं लागतं, ५ रुपये अधिक जीएसटी. ओटीपीवर बटवडा हवा असेल तर तेवढेच आणखी. मुलांना, भावाला, वकिलाला, जो कुणी कागद पाठवणार आहे त्याला हे आधी सांगून ठेवावं.

कुरिअरची पाकिटं गेटवर येणं थांबणार नाही. त्यांच्यासाठी वही: तारीख-वेळ, कंपनी, नंबरातले शेवटचे चार आकडे, फ्लॅट, कोणी आणलं, कोणाला दिलं, सही. 'कोणाला दिलं' हा रकाना रिकामा असेल तर रात्री आठला त्या फ्लॅटला इंटरकॉम. वॉचमनची पाळी बदलताना न दिलेली पाकिटं मोजून दोघांनी सही करायची. गहाळ होतं ते याच पाळीबदलात.

२८ डिसेंबर, रविवार

'डिलिव्हर्ड' दाखवतं पण मिळालं नाही: पहिल्या दिवशी वही आणि कॅमेरा, शेजारचा फ्लॅट, समोरच्या विंगमधला त्याच नंबरचा फ्लॅट. ए-३०२ चं पाकीट बी-३०२ मध्ये जाणं हे सगळ्यात जास्त घडतं. तिथे नसेल तर कंपनीकडे लेखी मागणी: बटवड्याची सही, फोटो, ठिकाण. एका कुरिअर कंपनीने पाठवलेल्या फोटोत दिसणारं दार आपल्या इमारतीचं नव्हतंच, त्यावरून प्रकरण एका दिवसात सुटलं. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल करावा.

४ जानेवारी २०२६, रविवार: तक्रारीच्या पायऱ्या

स्पीड पोस्टसाठी: आधी बटवडा करणारं टपाल कार्यालय, पोस्टमास्तरांकडे लेखी, दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेऊन. मग संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ वर तक्रार. नंतर विभागाचे अधीक्षक. त्यानंतर केंद्र सरकारचं तक्रारींचं सीपीग्राम्स पोर्टल, तिथे निपटाऱ्याची मुदत २१ दिवस. तरीही सुटलं नाही तर दर तिमाहीला भरणारी डाक अदालत, म्हणजे टपाल खात्याचीच तक्रारी ऐकण्याची बैठक.

अर्जात हे असावं: नंबर, बुक केल्याची तारीख आणि कार्यालय, ट्रॅकिंगची शेवटची ओळ जशीच्या तशी, शेवटचा हात कोणाचा, काय हवं आहे. 'काय हवं आहे' हे बहुतेक जण लिहीतच नाहीत. बटवड्याच्या सहीची प्रत हवी, थैलीचा शोध हवा की भरपाई हवी, ते एका वाक्यात लिहावं.

भरपाईची अपेक्षा माफक ठेवावी. स्पीड पोस्ट हरवलं तर टपालखर्चाच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, जे कमी असेल ते, आणि तेही पाठवणाऱ्याला. आतल्या वस्तूची किंमत मिळत नाही. मूल्यवान वस्तू असेल तर बुक करतानाच विमा करावा.

साध्या टपालाला यातलं काही नाही. त्याला फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता वाचवू शकतो. तो नसेल तर न वाटलेलं पत्र रिटर्न लेटर ऑफिसला जातं. म्हणून पाकिटाच्या डाव्या बाजूला आपला पत्ता, दरवेळी, आईला पाठवलेल्या पत्रावरसुद्धा.

११ जानेवारी, रविवार

तिन्ही विंगच्या प्रवेशदाराचा डिजिपिन काढून पत्त्याच्या कागदावर टाकला. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला हा दहा चिन्हांचा संकेत सुमारे चार बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. मजला आणि फ्लॅट त्यात येत नाहीत, म्हणून पत्त्याच्या जागी नाही, पत्त्याच्या जोडीला. गावठाणातल्या घरांना याचा खरा उपयोग आहे.

१८ जानेवारी, रविवार: चाचणी

गेल्या सोमवारी प्रत्येक विंगला तीन पाकिटं टाकली होती: एक साधं, एक मोठं ए-४, एक मुद्दाम सोसायटीचं नाव न लिहिता फक्त प्लॉट, सेक्टर, नोड आणि पिन घालून. नऊपैकी आठ शनिवारपर्यंत योग्य पेटीत. ए-४ तिन्ही न दुमडता गेली. नाव नसलेली तिन्ही आली. सी विंगचं एक साधं पत्र अजून यायचं आहे.

बाकी कामं: बी विंगच्या तिसऱ्या रांगेतलं एक दार घासतं, बिजागरी सैल करून बघायची. सी-१०४ आणि सी-५०१ यांनी किल्ल्या नेलेल्या नाहीत. क्रेटमध्ये दुसऱ्या ढिगातली चार पाकिटं उरली आहेत, उद्या पोस्टमनच्या हातात.